आनंदीबाईची नथ

पुस्तक हातात पडल्यावर सुप्रियाने सगळ्यात आधी आभाराचं पान उघडलं. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याचा घाम गळलेला असतो तो आधी तेच पान उघडतो. मोठमोठ्या संस्था, परदेशातले स्नेही, लेखकाच्या पत्नीचा सोशिकपणा, असं करत करत अगदी तळाशी तिचं नाव सापडलं. ‘कर्जतच्या सौ. सुप्रिया ठोंबरे यांच्या गरमागरम पोह्यांची चव विसरणे शक्य नाही.’

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोहेच होते.

बरं, तेही तिने केलेले नव्हते. सर घरी आले होते तेव्हा ती त्यांना कॉम्प्युटरवर फोटो दाखवत बसली होती आणि पोहे मनोजने, तिच्या नवऱ्याने, केले होते. लिंबू पिळून, वर खोबरं घालून. म्हणजे आभारसुद्धा चुकीच्या माणसाचे.

“माझं नाव आलं नाही का?” मनोजने खांद्यावरून डोकावून विचारलं. मग तिचं तोंड बघून तो गुपचूप गॅसकडे वळला.

सर म्हणजे डॉ. योगेंद्र कारखानीस. फोटोग्राफीच्या इतिहासाच्या अभ्यासातलं मोठं नाव. सुप्रिया कर्जतच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची आणि त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती; म्हणजे ती लिहायची आणि ते ‘अजून पिकू दे’ म्हणायचे. प्रबंधाचा विषय तिचा तिने शोधला होता. लोधिवलीचा येसाजी म्हात्रे. शंभरेक वर्षांपूर्वी खालापूर भागात हिवतापाची पाहणी करायला सरकारी डॉक्टर आला, त्याचं सामान वाहायला येसाजी लागला, आणि डॉक्टर बदलून गेला तेव्हा जुना कॅमेरा येसाजीला देऊन गेला. मग या गड्याने जे जे नवं गावात आलं ते टिपलं. विजेचे खांब, देवी टोचणारे, डबक्यांवर तेल शिंपडणारे, जलवाहिनीचे नळ दोरांनी ओढणारी माणसं. सगळं काचेवर, कारण त्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हे, काच लागायची. त्या काचा त्याच्या नातीने, गोदाकाकीने, पत्र्याच्या पेटीत भाताच्या तुसात पुरून जपल्या होत्या.

सुप्रियाने कित्येक रविवार लोधिवलीच्या त्या पडवीत बसून एकेक काच बाहेर काढली, मऊ ब्रशने झाडली, तिचा फोटो घेतला. सर तो सगळा साठा असलेली डिस्क ‘निवांत बघतो’ म्हणून घेऊन गेले. मग फोन उचलेनासे झाले. आणि आता हे पुस्तक: ‘उलटा पदर’. प्रस्तावनेत लिहिलेलं, की लेखकाने तीन पावसाळे लोधिवलीत राहून प्रत्येक काच खिडकीच्या उजेडात स्वतः धरून पाहिली.

सुप्रिया रडली. रडून झाल्यावर पुस्तक मिटलं, तेव्हा कुठे तिने मुखपृष्ठाकडे नीट पाहिलं.

मुखपृष्ठावर आनंदीबाई होती. येसाजीची बायको. हिवतापाच्या डॉक्टरच्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, एक डोळा मिटून दुसऱ्याने डासाची अळी बघणारी. नवऱ्याने फोटो काढायचा म्हटल्यावर बाईने लग्नातली नथ घातली होती. आणि ती नथ उजव्या नाकपुडीत होती. पदर उजव्या खांद्यावर.

“अगं बाई,” सुप्रिया मोठ्याने म्हणाली.

काय झालं होतं ते तिच्या क्षणात लक्षात आलं. काचेच्या एका बाजूला चित्राचा थर असतो, दुधावरच्या सायीसारखा नाजूक. ती बाजू कशावर टेकवली तर खपल्या निघतात. म्हणून सुप्रिया काच थर वर करून आत दिवा असलेल्या उजेडाच्या पेटीवर ठेवायची आणि वरून फोटो घ्यायची. पण असं केलं की चित्र आरशातल्यासारखं येतं, डावं ते उजवं. ते नंतर कॉम्प्युटरवर फिरवून सरळ करायचं असतं. तिचं ते फिरवणं व्हायच्या आधीच डिस्क सरांच्या पिशवीत गेली होती.

तिने पानं भराभर उलटली. हिवताप केंद्राची पाटी असलेला फोटो सरळ. दुकानाची पाटी, सरळ. जिथे अक्षरं उलटी दिसली तिथे सरांनी चित्र फिरवून घेतलं होतं. जिथे नुसती बायामाणसं होती तिथे कोण बघतो? आणि आनंदीबाईच्या उजव्या खांद्यावरच्या पदराबद्दल तर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. येसाजीने भिंगाची करामत ओळखून बायकोला, म्हणजे सरांच्या भाषेत ‘त्या अनाम स्त्रीला’, मुद्दाम उलटा पदर घ्यायला लावला; साहेबाच्या विज्ञानाला खेड्याने दिलेलं ते मूक प्रत्युत्तर होतं; वगैरे. पुस्तकाचं नावच त्यावरून पडलं होतं.

सुप्रिया हसायला लागली. मनोज उलथनं घेऊन बाहेर आला.

“काय झालं?”

“काही नाही. माणूस स्वतःच्या पायाने सापळ्यात चालत आलाय.”

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक गोदाकाकीला नेऊन दाखवलं. काकीने ते लांब धरलं, जवळ धरलं.

“आजीची नथ हिकडं कशी गं आली?”

सुप्रियाने सांगितलं. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. “मंग लाव त्याला फोन. झाड चांगला.”

“नाही काकी. आता नाही.”

“का गं? भितेस?”

“आत्ता सांगितलं तर पुढच्या आवृत्तीत गुपचूप सरळ करून टाकील. वर म्हणेल छापखान्याची चूक. बोलू दे त्याला. गावोगाव बोलू दे. जितका बोलेल तितकं परत फिरायला अवघड.”

गोदाकाकीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “दिसतीस गरीब गाय,” ती म्हणाली, “पन हायेस भारी.”

मग सुप्रियाने जे केलं ते चांगल्या घरच्या बाईला शोभणारं नव्हतं, आणि तिने ते मन लावून केलं. सरांना अभिनंदनाचा निरोप पाठवला. खाली एक नम्र शंका: पदर उलटा घेण्याची कल्पना येसाजीची की त्या स्त्रीची, सर? सरांनी त्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला. तिने पुन्हा शंका विचारली. सरांनी मुंबईत व्याख्यान दिलं. पुस्तकाला पुरस्कार मिळाला तेव्हा तिने पेढे वाटले. शेजारणींना वाटलं मुलाचा निकाल लागला. शेवटी खोपोलीच्या वाचनालयाचा कार्यवाह संतोष ठाकूर याला तिनेच सुचवलं, की आपल्याच तालुक्याचे फोटो, प्रदर्शन इथे नको का व्हायला? सरांना बोलवू. उद्घाटनाला अस्सल काच ठेवू, ती गोदाकाकीकडून मी आणते.

संतोष म्हणाला, “बाई, तुमचं मन मोठं आहे.”

“छे हो,” सुप्रिया म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी खोपोलीत ऊन असं तापलं होतं की डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे पाण्याचे जाड नळ दुरूनसुद्धा बघवत नव्हते. वाचनालयाच्या सभागृहाच्या दारात आनंदीबाई पुरुषभर उंचीची उभी होती, उजव्या नाकपुडीत नथ घालून. लोधिवलीहून बाया टेंपो करून आल्या होत्या. आपल्या गावची बाई एवढी मोठी टांगलीय म्हटल्यावर कोण घरी बसतं?

मंचावर सुप्रियाने तिची उजेडाची पेटी मांडली, वर स्टँडला कॅमेरा लावला. त्यातलं चित्र पडद्यावर दाखवायचं काम सरांच्या नव्या विद्यार्थिनीकडे होतं. प्राची तिचं नाव. बदलापूरची, चुणचुणीत. लॅपटॉपच्या वायरी जोडता जोडता ती म्हणाली, “मॅडम, माझा प्रबंध या पदरावरच आहे. दोन प्रकरणं झाली लिहून.”

सुप्रियाच्या हातातला ब्रश थांबला. हे तिला माहीत नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. सर पंख्याखाली बसले होते. दोन वर्षांत बरेच थकले होते. मनगटं बारीक झाली होती, रक्तदाबाची गोळी घेताना पाणी सांडलं. त्यांनी तिच्याकडे बघून खरंखुरं हसून म्हटलं, “ये, सुप्रिया. तुझा प्रबंध आपण पुन्हा बाहेर काढू या. मी लक्ष घालतो.”

याच माणसाने एके काळी तिला शिकवलं होतं, की फोटोतल्या माणसाआधी फोटोतला उजेड बघ. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. “सर, व्याख्यानाआधी एक सांगायचं होतं. त्या मुखपृष्ठाबद्दल…”

“नंतर गं, नंतर. आधी जरा चहाचं बघतेस? पाहुणे खोळंबलेत. तुझ्या हाताखाली कोणी नसेल तर त्या प्राचीला घे.”

सुप्रिया उठली. “बघते, सर,” म्हणाली. आणि खरोखर चहाचं बघितलं. साखर बेताची, आलं भरपूर.

सर बोलायला उभे राहिले की मान्य करायला हवं, माणूस बोलतो छान. पडद्यावर आनंदीबाई. “ही अनाम स्त्री,” सर म्हणाले, “आपल्याशी काय बोलते आहे?”

“अनाम कशी?” तिसऱ्या रांगेतून गोदाकाकी पुटपुटली. “आनंदी नाव व्हतं तिचं.”

“गोदे, नथ बघ गं नथ,” शेजारची म्हणाली. “कुठं घातलीय बाईनं?”

“येडी झालीवती का?”

खसखस पिकली. सरांनी हात वर केला. त्यांना वाटलं विषय रंगतोय. मग त्यांनी सांगितलं, उलटा पदर, उलटी नथ, मूक प्रत्युत्तर. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रश्नांची वेळ आली तशी गोदाकाकी उभी राहिली. माईक नको म्हणाली.

“एक इचारू का वो? पदराचं सोडा, पदर कुनीबी हिकडचा तिकडं टाकंल. पन तिनं नाक बी दुसऱ्या अंगानं टोचून घेतलं व्हतं का, फोटोपुरतं?”

सभागृह फुटलं. सरही हसले, मोठ्या मनाने. “मावशी, फार चांगला प्रश्न. दाबाची नथ असते. टोचायला लागत नाही.”

“नाय वो. टोचल्याली व्हती, डावीकडं. मी तिच्या मांडीवर खेळलेय. नथीला वढलं म्हनून मार खाल्लाय.”

“आठवण म्हणजे इतिहास नव्हे, मावशी.” सरांचा आवाज मऊ झाला, लहान मुलाशी बोलतात तसा. “पुरावा ही काच आहे. आणि ती काच मी स्वतः, या हातांनी धरून पाहिलेली आहे.”

हे वाक्य सुप्रियाला हवं होतं. पुस्तकात होतंच, पण छापलेल्या वाक्याचा दोष कुणावरही ढकलता येतो. आता ते दोनशे माणसांनी ऐकलं होतं.

ती मंचावर गेली. हातमोजे चढवले, डब्यातून काच काढली.

“सर, काच इथेच आहे. पेटीवर ठेवते, म्हणजे सगळ्यांना दिसेल. कुठली बाजू वर ठेवू?”

सर क्षणभर गोंधळले. मग झटकल्यासारखं म्हणाले, “कुठलीही ठेव. काचच आहे ती.”

पहिल्या रांगेत खोपोलीतले जुने स्टुडिओवाले गजाभाऊ बसले होते. त्यांनी चटकन मान वर केली.

“थर वर ठेवते,” सुप्रिया म्हणाली आणि काच अलगद ठेवली. काच म्हणजे निगेटिव्ह; प्राचीने लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं. पडद्यावर आनंदीबाई आली, मुखपृष्ठावरच्यासारखीच, नथ उजव्या नाकपुडीत. सरांनी लोकांकडे बघून हात पसरले.

“आता थर खाली. फोटो बघायची ही खरी बाजू.” तिने पेटीवर कडांना कापडाच्या घड्या ठेवल्या, म्हणजे थर टेकणार नाही, आणि काच पालथी केली.

पडद्यावरची बाई वळली. नथ डाव्या नाकपुडीत. पदर डाव्या खांद्यावर. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू उजव्या हाताने फिरवत, शहाण्या बाईसारखी, अळी बघत होती.

“ही बघा आली माजी आजी!” गोदाकाकी ओरडली. बायांनी टाळ्याच वाजवल्या.

“काचेला दोन बाजू असतात,” सुप्रिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच गोड लागला. “पुस्तकात जिथे पाट्या आहेत तिथे फोटो सरळ छापलेत. जिथे पाटी नाही तिथे सगळे उलटे. कुणी उलटा पदर घेतला नव्हता, सर. तुम्ही चुकीच्या बाजूने बघितलं. पण तुम्ही तर काच हातात धरली होती, खिडकीपाशी.”

“आन तुमी आमच्या घरी आलावता तरी कवा?” गोदाकाकी अजून उभीच होती. “तीन पावसाळं ऱ्हायलात म्हनं. मला कशे नाय दिसलात वो? पेटीची किल्ली तर माज्या कंबरेला हाय.”

कुणी हसलं नाही आता. सरांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. सुप्रिया डोळे भरून बघत होती.

सरांनी रुमालाने कपाळ टिपलं. “एक तांत्रिक चूक झालेली दिसते,” ते सावकाश म्हणाले. “प्रतिमा तयार करण्याचं काम माझ्या सहायक विद्यार्थिनीकडे होतं. मी विश्वास टाकला. प्राची, हे फार गंभीर आहे. आपण मुंबईला गेल्यावर बोलू.”

प्राचीचं बोट लॅपटॉपवर होतं तिथेच राहिलं. तिने तोंड उघडलं, पण तिच्या शिष्यवृत्तीवर, प्रबंधावर, पुढच्या सगळ्यावर याच माणसाची सही लागणार होती. तिने तोंड मिटलं.

सुप्रियाने ठरवलं होतं ते इथपर्यंतच. नमस्कार करायचा, काच डब्यात ठेवायची, घरी जायचं. लोक तिला बिचारी म्हणणार होते. पण माणूस तिच्या डोळ्यांदेखत निसटत होता, आणि निसटताना त्या पोरीच्या डोक्यावर पाय ठेवत होता. त्याला धरायचं तर आपलं बिचारेपण सोडावं लागणार, हे तिला कळलं. तिने संतोषच्या हातून माईक घेतला.

“प्राची तेव्हा तुमच्याकडे नव्हती, सर. ती आली तेव्हा पुस्तक छापून झालं होतं. हे फोटो मी काढलेत. काकींच्या पडवीत, याच पेटीवर. थर खरडू नये म्हणून उलटे काढले आणि सरळ करायचे राहिले. तेवढ्यात तुम्ही डिस्क नेलीत.”

“सुप्रिया, हे व्यासपीठ…”

“पुस्तक आलं त्याच दिवशी मला चूक दिसली. मी गप्प बसले. विसरले नव्हते, भ्यायलेही नव्हते. मुद्दाम गप्प बसले. शंका विचारून विचारून तुमच्याकडून अजून लिहून घेतलं. तुम्हाला इथे बोलवा असं संतोषभाऊंना मीच सांगितलं. तुम्ही सगळीकडे बोलावं, हारतुरे घ्यावे आणि मग या बायांसमोर उभं राहावं, म्हणून.”

संतोष ठाकूर तोंडाचा आ करून बघत होता. “म्हणजे बाई, तुम्ही आम्हालाही वापरलंत?”

“हो, संतोषभाऊ.”

मागून एक मास्तर म्हणाले, “शोभलं नाही हे. आधी सांगायला हवं होतं.” दोन-चार माना डोलल्या. जे लोक मघाशी तिच्या बाजूचे होते त्यातले निम्मे खुर्चीत मागे सरकले.

“ही सूडबुद्धी आहे!” सर ओरडले. इतक्या वर्षांत तिने त्यांचा चढलेला आवाज प्रथमच ऐकला.

“हो, सर,” सुप्रिया म्हणाली. “शब्द बरोबर आहे.”

सर मंचावरून उतरले ते थेट बाहेर गाडीत जाऊन बसले. लोक चहाला पांगले. संतोष दारातली मोठी आनंदीबाई उतरवू की राहू देऊ, असं ज्याला त्याला विचारत फिरत होता. सुप्रियाने काच कागदात गुंडाळली. पाय हलके वाटत होते. मग तिने प्राचीकडे पाहिलं.

“थँक्यू म्हणू का मॅडम तुम्हाला?” प्राचीचे डोळे कोरडे होते, ते जास्त वाईट. “दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं. मी त्या वेळात दोन प्रकरणं लिहिली. खोटी. बाबांनी घरी सगळ्यांना वाचून दाखवली.”

“मला तुझं माहीत नव्हतं गं. आज कळलं.”

“आज कळल्यावर तरी सांगायचं.”

“सांगायला गेले होते.”

“मला नाही. त्यांना.”

मनोजने सकाळी डब्यात दिलेला लाडू पर्समध्ये होता, तो काढून द्यावा की काय असंही तिला वाटून गेलं. पण लाडवाने भागण्यासारखं ते नव्हतं. सरांचं तोंड आठवून तिला अजूनही बरं वाटत होतं, आणि या पोरीकडे बघून वाईट वाटत होतं, आणि दोन्हींतलं एकही दुसऱ्याला हलवत नव्हतं.

गोदाकाकी चहाचा कागदी कप घेऊन आली आणि प्राचीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

“पोरी, ते बाकीचं फोटू हायत ना यात? दाव बघू. कोन कोन हाय ते सांगते. त्या बाबानं सगळ्यांना बिननावाचं करून ठेवलंय.”

प्राचीने लॅपटॉप पुन्हा उघडला. पहिला फोटो आला: दोरांनी नळ ओढणारी माणसं. तिने एक बटण दाबलं. माणसं वळली, डोंगर वळला.

“हां, आता बरूबर दिसतोय डोंगूर,” काकी म्हणाली. “हा म्होरला, दोर खांद्यावर घेतल्याला, तो गोमा. माज्या बापाचा मामा. लई खादाड.”

प्राचीने टाइप केलं: गोमा.

“ही?”

“येसूबाई. तिच्या नादी नाय लागायचं कुनी.”

सुप्रिया मागे येऊन उभी राहिली. प्राचीने तिच्याकडे पाहिलं नाही. पण पुढच्या फोटोपाशी अडली तेव्हा पडद्याकडेच बघत विचारलं, “हा मूळचा सरळ आहे की फिरवायचा?”

“फिरव,” सुप्रिया म्हणाली. “सदऱ्याची बटणं बघ.”

दारात सरांचा ड्रायव्हर आला. चप्पल काढावी की नाही अशा बेताने घुटमळला. “मॅडम, सर विचारतायत निघायचं ना? लॅपटॉप त्यांचा आहे म्हणाले, घेऊनच जायचंय. गाडीत फार उकडतंय त्यांना.”

प्राचीने मान वर केली नाही. “सांगा, काम चाललंय.”

“किती वेळ लागेल, काय सांगू?”

सुप्रियाने एक खुर्ची ओढून घेतली आणि काकीच्या पलीकडे ऐसपैस बसली.

“पाटी नसलेले सगळे फोटो फिरवून व्हायचेत,” ती ड्रायव्हरला म्हणाली. “तुम्ही चहा घ्या ना. आलं घातलंय.”